टिंपनी कुठे ठेवायची: नोव्हेंबरच्या कॉन्सर्टच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

कमिटीची मीटिंग झाली, विषय एकच, नोव्हेंबरचा कॉन्सर्ट. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. बकिंगहॅमशायरमधल्या एका लहान गावात आमचं हौशी कॉयर, म्हणजे समूहगायनाचा गट आहे, ऐंशीच्या आसपास माणसं, दर मंगळवारी संध्याकाळी रिहर्सल, आणि कॉन्सर्टला पैसे देऊन ऑर्केस्ट्रा जमवायचा. मी बासमध्ये, म्हणजे पुरुषांच्या सगळ्यांत खालच्या आवाजात गातो आणि यंदापासून कॉन्सर्ट मॅनेजर आहे, म्हणजे स्कोअर (स्वरलिपीची पुस्तकं) मागवा, खुर्च्या मोजा, कुठलं वाद्य कुठे बसणार त्याचा नकाशा काढा आणि सगळं नीट झालं तर कोणाला तुमचं नावही आठवत नाही.

इकडे नोव्हेंबरचा दुसरा रविवार म्हणजे रिमेम्ब्रन्स संडे, दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची आठवण काढायचा दिवस, यंदा तो १० तारखेला आणि आमचा कॉन्सर्ट आदल्या दिवशी शनिवारी. तेव्हा युद्धाच्या सावलीतलं काहीतरी हवं यावर कोणाचं दुमत नव्हतं, वाद काय गायचं यावर.

कोणीतरी बेंजामिन ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराचं वॉर रिक्विएम काढलंच. दरवर्षी कोणीतरी काढतं. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीचं जुनं कॅथीड्रल जळालं, ते अवशेष तसेच ठेवून शेजारी नवीन बांधलं आणि तिथे ३० मे १९६२ला हे पहिल्यांदा वाजलं. मोठा ऑर्केस्ट्रा, त्याला वेगळा कंडक्टर, बाजूला बारा जणांचा छोटा ऑर्केस्ट्रा, त्याला स्वतः ब्रिटन, वर मुलांचं कॉयर, तीन सोलोइस्ट. सोलोइस्ट पण मुद्दाम तीन देशांचे हवे होते, इंग्लंडचा पीटर पिअर्स, जर्मनीचा फिशर-डिस्काऊ, रशियाची विश्नेव्हस्काया, पण सोव्हिएत सरकारने तिला सोडलंच नाही आणि ऐनवेळी हेदर हार्परने गायलं. तर हे एवढं सगळं आमच्या चर्चमध्ये मावणार कुठे, लोकांना छतावर बसवावं लागेल. खजिनदारबाईंनी चष्म्यावरून नुसतं बघितलं आणि तो विषय संपला.

मग कोणी चायकोव्हस्कीचं १८१२ ओव्हर्चर म्हणालं, ते हसण्यावारी गेलं (त्यात तोफा वाजतात, त्या कोण आणणार). शोस्ताकोविचची लेनिनग्राड सिम्फनी, ज्यात कॉयरच नाही. कार्ल जेन्किन्सचं द आर्म्ड मॅन काही वर्षांपूर्वी करून झालंय.

शेवटी आमच्या कंडक्टरने, जो तोवर गप्प बसून बिस्किटं खात होता, कागदावर लिहिलेलं वाचून दाखवलं. आधी जॉर्ज बटरवर्थ या इंग्लिश संगीतकाराचं द बँक्स ऑफ ग्रीन विलो, नुसता ऑर्केस्ट्रा, सहा मिनिटं. मग हायडनचं मिस्सा इन टेंपोरे बेल्ली, म्हणजे युद्धकाळातला मास (चर्चमधल्या प्रार्थनांच्या लॅटिन शब्दांना दिलेलं संगीत), १७९६चा, चाळीसेक मिनिटं. मध्यंतर. मग व्हॉन विल्यम्स या इंग्लिश संगीतकाराचं डोना नोबिस पाचेम, १९३६चं, तेही साधारण तेवढंच. आणि म्हणाला की हायडनचा मास ज्या प्रार्थनेवर संपतो, "डोना नोबिस पाचेम", म्हणजे "आम्हाला शांती दे", त्याच प्रार्थनेपासून व्हॉन विल्यम्स सुरू करतो, मध्ये फक्त एकशेचाळीस वर्षं आणि तुमचा चहा. यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. पास.

२ जुलै

आजचं काम सगळं कागदी. हायडन फुकट, त्याचे पार्ट्स (एकेका वाद्याची स्वरलिपी) नेटवर मिळतात, बटरवर्थ पण फुकट कारण तो १९१६लाच गेला. व्हॉन विल्यम्स १९५८ला वारला, सत्तर वर्षांचा नियम धरला तर २०२८च्या अखेरपर्यंत कॉपीराइट आहे, तेव्हा ऑर्केस्ट्राचे पार्ट्स प्रकाशकाकडून भाड्यानेच आणायचे, शिवाय सादरीकरणाचे पैसे वेगळे. व्होकल स्कोअर शेजारच्या गावातल्या कॉयरकडे आहेत, ते उसने मिळतील. बऱ्याच कॉयर एकमेकांना असे सेट देतात घेतात, आणि पहिल्या पानावर पेन्सिलने जुन्या गाणाऱ्यांची नावं असतात, कधी कधी कंडक्टरची व्यंगचित्रं पण.

सोलोइस्टचं गणित जरा विचित्र आहे. हायडनला चार लागतात, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. व्हॉन विल्यम्सला दोनच, सोप्रानो आणि बॅरिटोन. म्हणजे आल्टो आणि टेनर पहिल्या भागात गाऊन मध्यंतरात मोकळे पण मानधन पूर्ण. खजिनदारबाईंचा पुन्हा तो चष्मा. बॅरिटोननेच हायडनमधला बास गायचा असं ठरलं, त्यात क्वी टॉलिस म्हणून एक जागा आहे जिथे तो आणि एकटा चेलो एकमेकांशी बोलल्यासारखे गातात वाजवतात, त्यासाठी चेलोवाला चांगला हवा, तेव्हा माणसं गोळा करणाऱ्या फिक्सरला आधीच सांगून ठेवलंय की पहिला चेलो बघून दे बाबा.

ऑर्केस्ट्राची अडचण व्हॉन विल्यम्सची. हॉर्न, ट्रम्पेट, ट्रोम्बोन, ट्युबा, हार्प, घंटा, मोठा ढोल, साइड ड्रम, ऑर्गन. हायडनला यातलं अर्धंही लागत नाही. आणि दोन्हीकडे टिंपनी, म्हणजे सुरात लावायचे मोठे नगारे. नकाशात टिंपनीसाठी तात्पुरता एक चौकोन काढलाय मागच्या कोपऱ्यात.

३ सप्टेंबर

पहिली रिहर्सल. उन्हाळ्याची सुट्टी संपून सगळे आले, आवाजाला गंज चढलेला, टेनर नेहमीसारखे पाचच. हायडनचा किरिए, म्हणजे मासचा पहिला भाग, वाचला. आपण युद्धकाळातला मास म्हणून धीरगंभीर काहीतरी येणार असं धरून बसलेलो असतो आणि संथ सुरुवात संपली की हा गडी एकदम उड्या मारायला लागतो, सी मेजर, ट्रम्पेट, सगळं लखलखीत. एक आल्टो म्हणाली पण यात युद्ध कुठाय? कंडक्टर म्हणाला थांबा, शेवटपर्यंत थांबा.

लॅटिनचा उच्चार इटालियन पद्धतीने करायचा, म्हणजे पाचेम, जर्मन पद्धतीने पात्सेम नाही. हायडन ऑस्ट्रियाचा म्हणून दोघातिघांनी कुरकुर केली, पण दोन कामांना दोन उच्चार ठेवले तर ऐंशी माणसांत नक्की घोळ होणार.

१७ सप्टेंबर

आज अनंत चतुर्दशी. घरच्या गणपतीचं दीड दिवसाने केव्हाच विसर्जन झालं होतं, आज नुसतं फोनवर पुण्यातली मिरवणूक लावून बसलो होतो आणि तसाच कानात ढोल घेऊन रिहर्सलला गेलो. आणि आज नेमका व्हॉन विल्यम्सचा दुसरा भाग, ज्यात वॉल्ट व्हिटमनची ढोलांवरची कविता आहे. योगायोग म्हणा.

व्हिटमन अमेरिकेच्या यादवी युद्धातला. डिसेंबर १८६२ला त्याचा भाऊ फ्रेडरिक्सबर्गला जखमी झाला म्हणून तो शोधायला गेला आणि मग वॉशिंग्टनच्या लष्करी हॉस्पिटलांत वर्षानुवर्षं सैनिकांची सेवा करत राहिला, त्यांना पत्रं लिहून द्यायची, फळं न्यायची, मरणाऱ्याजवळ बसायचं. ढोलांची कविता मात्र त्याच्या आधीची, युद्ध नुकतं पेटलेलं तेव्हाची. त्यात ढोल आणि बिगुल दारं खिडक्या फोडून आत घुसतात, चर्चमध्ये, शाळेत, नवरानवरीच्या खोलीत, शेतात, कोणाला झोपू देत नाहीत, कोणाला सौदा करू देत नाहीत, म्हाताऱ्याच्या विनवण्या नि आईच्या विनवण्या ऐकू येऊ देत नाहीत.

आता प्रॉब्लेम असा की नुसत्या पियानोवर सुद्धा आमचे शब्द कोणाला कळत नव्हते. कंडक्टर ओरडून ओरडून थकला, व्यंजनं थुंका, व्यंजनं थुंका. मी ब्रेकमध्ये त्याला लक्ष्मी रोडचा व्हिडिओ दाखवला. म्हटलं हे बघ, दोन पथकं समोरासमोर आली की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी कळत नाही, तोंड नुसतं हलताना दिसतं, आणि व्हिटमन तेच तर म्हणतोय ना, की बाकी कोणाचं काही ऐकू येता कामा नये. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला बरोबर आहे, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला निदान हे तरी कळायला हवं की त्याला काय ऐकू येत नाहीये. याला मुद्दा म्हणतात. ठरलं की ढोलवाल्यांना आवाज कमी करायला सांगायचं नाही, उलट शब्दांचं पूर्ण पान प्रोग्रॅममध्ये छापायचं आणि चर्चमधले दिवे वाचता येईल इतके चालू ठेवायचे.

१ ऑक्टोबर

रिहर्सलच्या आधी चर्चमध्ये मोजमाप. टेप, खडू, खुर्च्यांचा नकाशा, आणि सोबत टिंपनीवाला, निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर ऑर्केस्ट्रांत वाजवलेलं, आता फक्त आवडेल तिथे वाजवतो. त्याच्याकडे जुन्या हाताने स्क्रू फिरवून सूर लावायच्या दोन टिंपनी आहेत, वासराच्या कातड्याच्या. हायडनला त्या, आणि व्हॉन विल्यम्सला पायाने सूर बदलणाऱ्या आधुनिक. म्हणजे चौकोन एक नाही, दोन लागणार.

कंडक्टरच्या डोक्यात मोठी आयडिया आहे. हायडनच्या शेवटच्या भागात, आन्युस देईमध्ये, कॉयर हळू गात असतं आणि खालून टिंपनी एकटी, अगदी मंद, टपटप वाजायला लागते. या टिंपनीवरूनच जर्मनमध्ये या मासला पाउकेनमेसं नाव पडलं. हायडनचा पहिला चरित्रकार ग्रीसिंगर, जो त्याला स्वतः भेटायचा, त्याने लिहून ठेवलंय की ती दुरून शत्रू येत असल्यासारखी ऐकू यायला हवी. तर कंडक्टर म्हणतो, मग दुरूनच वाजवू. टिंपनी ऑर्केस्ट्रातून काढून बाजूच्या आइलच्या टोकाला, खांबाआड.

टिंपनीवाल्याने काही न बोलता तिथपर्यंत पावलं मोजली. मग आम्ही हिशोब केला. सतरा मीटर धरले आणि आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग उशीर. वाचायला काहीच नाही. पण तो जर ऑर्केस्ट्रा ऐकून वाजवायला लागला तर तिकडून येताना एक विसांश आणि इकडे जाताना एक विसांश, दोन्ही मिळून दहावा भाग, आणि ते कोणालाही कळेल. म्हणजे ऐकायचं नाही, फक्त कंडक्टरच्या काठीकडे बघून सगळ्यांच्या किंचित आधी मारायचं. खांबाआडून काठी दिसणार नाही, तेव्हा कॅमेरा आणि स्क्रीन. खजिनदारबाईंना अजून सांगितलेलं नाही.

मोजता मोजता भिंतीवरचा फलक वाचला. इतकी वर्षं इथे गातोय, कधी धड वाचला नव्हता. पहिल्या महायुद्धात गेलेली गावातली पोरं, पुढे ठिकाणं, बहुतेक फ्रान्स नि बेल्जियम, आणि मध्येच दोन नावांपुढे मेसोपोटेमिया, म्हणजे आताचा इराक, १९१६. इथली रेजिमेंट म्हणजे ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फन्ट्री, तिची पहिली बटालियन सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती, सतराव्या ब्रिगेडमध्ये, आणि त्याच ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री. ७ डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत तिथल्या कूट शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात हे सगळे एकत्र उपाशी राहिले आणि एकत्र शरण गेले, मग वाळवंटातून पायपीट आणि तुर्कांच्या कैदेत त्यातले बरेच मेले. आमच्या साताऱ्याकडे, कोकणात, कितीतरी गावांत पांढऱ्या दगडाची पाटी असते, या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, इतकी परत आली नाहीत, पण तिथे फक्त आकडा, नावं नसतातच. आणि इथे नावं आहेत पण बाजूच्या तंबूत कोण होतं ते नाही. प्रोग्रॅममध्ये यावर एक परिच्छेद टाकू का म्हणून कमिटीला मेल केलाय.

८ ऑक्टोबर

मेलला उत्तर आलं, टाका. एकाने फक्त विचारलं की याचा हायडनशी काय संबंध. संबंध चर्चशी आहे असं कळवलं.

प्रोग्रॅम नोट्स मीच लिहितोय. हायडनचा भाग लिहिताना मजा आली. १७९६, नेपोलियन इटलीत ऑस्ट्रियन फौजांना एकामागून एक हरवत होता, ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात सैन्यभरती चाललेली आणि त्याच सुमाराला आयझेनश्टाटला एस्तरहाझी राजपुत्राकडे बसून चौसष्ट वर्षांचा हायडन हे लिहीत होता. हस्तलिखितावर नाव त्याने स्वतःच घातलं, युद्धकाळातला मास. २६ डिसेंबरला व्हिएन्नात पिआरिस्ट नावाच्या कॅथलिक पंथाच्या चर्चमध्ये झाला. पुढे १८०९च्या मेमध्ये फ्रेंच तोफा खरोखरच व्हिएन्नावर आल्या, त्याच्या घराजवळ गोळे पडले, आणि शहर फ्रेंचांच्या ताब्यात असतानाच ३१ मेला तो गेला. म्हणजे टिंपनीत जे दूर होतं ते तेरा वर्षांत दाराशी आलं. हे वाक्य मी नोट्समध्ये टाकलं होतं, कंडक्टरने काटलं, म्हणाला जरा जास्त होतंय. इथे ठेवतो.

दुसरं एक त्याने ठेवू दिलं. १९ जानेवारी १९७३, निक्सनच्या दुसऱ्या शपथविधीची आदली रात्र, व्हिएतनाम चालू. वॉशिंग्टनमध्ये एकीकडे अधिकृत कॉन्सर्टला ऑर्मंडी हा कंडक्टर १८१२ वाजवत होता आणि त्याच वेळी नॅशनल कॅथीड्रलमध्ये बर्नस्टाइन या कंडक्टरने हाच हायडनचा मास केला, फुकट, आत जागा मिळाली नाही ते हजारो लोक बाहेर पावसात उभे राहून ऐकत होते. जूनच्या मीटिंगमध्ये १८१२ सुचवणाऱ्याला हे मुद्दाम वाचून दाखवलं, तो खेळीमेळीने हसला.

१५ ऑक्टोबर

व्हॉन विल्यम्सचा तिसरा भाग. शब्द पुन्हा व्हिटमनचे, समेटाचे. शत्रू मेलाय, माझ्याइतकाच देवाचा अंश असलेला माणूस मेलाय, मी शवपेटीपाशी जातो आणि वाकून त्याच्या पांढऱ्या चेहऱ्याला ओठ लावतो. दुसऱ्या भागाच्या गोंगाटानंतर हे येतं आणि स्वरही इतके गोड आहेत की आमचं कॉयर लगेच सुंदर गायला लागतं, आणि सुंदर गायला लागलं की शब्दांचं काय होतंय तिकडे कोणाचं लक्ष राहत नाही. कंडक्टरने सगळ्यांना पुस्तकं मिटून ते नुसतं वाचायला लावलं, मोठ्याने, चालीशिवाय. मग पुन्हा गायलं. फरक पडला, थोडा.

हा व्हॉन विल्यम्स १९१४ला बेचाळीस वर्षांचा होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं, स्वतः जाऊन मेडिकल कोअरमध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला, फ्रान्समध्ये आणि नंतर ग्रीसमध्ये सालोनिकाला अॅम्ब्युलन्सवर जखमी वाहिले, शेवटी तोफखान्यात अधिकारी. त्याचा मित्र बटरवर्थ, ज्याचं सहा मिनिटांचं काम आपण सुरुवातीला वाजवतोय, तो ५ ऑगस्ट १९१६ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत पोझिएर गावापाशी मारला गेला, एकतीस वर्षांचा, देह सापडला नाही, नाव थिएप्वालच्या स्मारकावर बहात्तर हजारांहून जास्त नावांमध्ये. फ्रान्सला जायच्या आधी त्याने आपली न आवडलेली हस्तलिखितं जाळून टाकली होती, त्यामुळे उरलंय ते अगदी थोडं. द बँक्स ऑफ ग्रीन विलोमध्ये युद्धाचा एक सूर नाही, १९१३चं, ससेक्समध्ये गोळा केलेल्या लोकगीतांवरचं, सगळं हिरवंगार. त्याला पहिल्यांदा ठेवलंय ते बरोबर आहे असं आता वाटतं. जूनमध्ये मला ते नुसतं जागा भरायला घेतल्यासारखं वाटलं होतं.

२९ ऑक्टोबर

धनत्रयोदशी, घरी दिवे लावून पळत रिहर्सल. आईचा व्हिडिओ कॉल गाडीतून उतरतानाच, "अरे सणाचं पण गाणं का, आणि तेही युद्धाचं?" म्हटलं शांतीचंच आहे ग. "मग ठीक आहे, पण जेवलास का?"

आज शेवटचे भाग. जॉन ब्राइट नावाच्या खासदाराचं भाषण, २३ फेब्रुवारी १८५५, क्रिमियन युद्ध चालू असताना पार्लमेंटमध्ये केलेलं, मृत्यूचा दूत देशभर फिरतोय, त्याच्या पंखांची फडफड जणू ऐकू येते, असं. ते बॅरिटोन एकटा गातो. मग बायबलमधल्या जेरेमाया या संदेष्ट्याचे शब्द, शांतीची वाट बघितली पण काही भलं झालं नाही. मग हळूहळू उजेड, घंटा, राष्ट्र राष्ट्रावर तलवार उचलणार नाही, आणि अगदी शेवटी सगळं ओसरून पुन्हा तेच डोना नोबिस पाचेम.

हा उजेड खरा वाटत नाही असं टेनरमधला एक जण म्हणाला, आणि ब्रेकभर त्यावर वाद. २ ऑक्टोबर १९३६ला हडर्सफील्डला, तिथल्या कोरल सोसायटीच्या शताब्दीसाठी, हे पहिल्यांदा झालं तेव्हा हिटलरचं सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये घुसून सहा महिने झाले होते, स्पेनमध्ये यादवी पेटलेली, समोर बसलेल्या लोकांना काय येतंय ते दिसत होतं. मला वाटतं व्हॉन विल्यम्सलाही त्या घंटांवर पूर्ण विश्वास नव्हता, नाहीतर तो घंटांवरच संपवून टाळ्या घेऊन गेला असता. टेनरला पटलं नाही. असो, टॉप नोट लागली म्हणजे झालं.

२ नोव्हेंबर

पाडवा आणि ऑर्केस्ट्राची चर्चमधली रिहर्सल एकाच दिवशी, बायकोला ओवाळणी सकाळीच देऊन सटकलो. कॉयरला आज ऐच्छिक होतं, तरी निम्मे आले.

टिंपनीचा प्रयोग. कॅमेरा, स्क्रीन, केबल, सगळं लावलं (माझा स्वतःचाच जुना कॅमेरा, म्हणून खर्च शून्य, खजिनदारबाई खूश). गडी खांबाआड बसला. आधी उगाच मासच्या ग्लोरिया या भागातून वाजवून बघितलं आणि तिथेच वाट लागली, कारण टिंपनी आणि ट्रम्पेट ही जोडी एकत्र श्वास घेते, ट्रम्पेट इकडे आणि टिंपनी तिकडे म्हटल्यावर दोघेही एकमेकांची वाट बघत बसले. बरं, मग ग्लोरिया जागेवर आणि आन्युस देईपुरतं तिकडे जायचं, असं पण करून पाहिलं.

आवाज दुरून आला हे खरं. पण तो इफेक्ट वाटला. सिनेमात दारामागे पाऊल वाजतं तसा, आणि माना वळल्या, बघूया कोण वाजवतंय म्हणून, व्हायोलिनवाल्यांच्या सुद्धा. मग टिंपनीवाल्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं, म्हणाला एकदा मला जागेवर बसून वाजवू द्या आणि काही बोलू नका. परत आला, लहान डोक्याच्या काठ्या काढल्या, आणि अगदी हलकं वाजवलं. तो बरोबर आम्हा बासच्या पायाशी. प्लायवूडच्या राइझरमधून, म्हणजे आम्ही उभे राहतो त्या पायऱ्यांमधून, ते तळव्याला लागलं, कानाला नंतर. वरून आम्ही "मिसेरेरे" गातोय, दया कर, आणि खालून हे चाललंय, कुठून येतंय ते कळत नाही कारण ते आपल्यातूनच येतंय. हायडनने स्वरलिपीत दूर न्या असं कुठेच लिहिलेलं नाही, हलकं वाजवा एवढंच, आणि त्याला ऑर्केस्ट्रा माझ्यापेक्षा नि आमच्या कंडक्टरपेक्षा जास्त कळत होता.

कंडक्टर दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला केबल काढा.

उरलेला वेळ व्हॉन विल्यम्स. हार्पवालीला जागा पुरत नव्हती, पुलपिटच्या पायऱ्यांपाशी सरकवली. दुसऱ्या भागात पूर्ण ऑर्केस्ट्रा आल्यावर कॉयर खरंच ऐकू येत नव्हतं. प्रेक्षकांच्या मागच्या रांगेत जाऊन मी बसून पाहिलं, तोंडं हलताना दिसत होती.

९ नोव्हेंबर

रात्री साडेअकराला लिहितोय, पाय तुटलेत, थोडक्यात.

सकाळी राइझर लावले, दुपारी सगळ्यांची रिहर्सल. बाहेर कडाक्याची थंडी म्हणून चर्चवाल्यांनी दुपारीच हीटिंग लावलं आणि कोरड्या उष्णतेने वासराची कातडी ताणून सूर चढायला लागला. टिंपनीवाला शांतपणे स्क्रू फिरवत, कान लावत, पुन्हा फिरवत. संध्याकाळी लोक भरले, ओले कोट, श्वास, हवा दमट झाली आणि सूर उतरायला लागला. त्याने मासचा क्रेडो हा भाग चालू असताना पूर्ण वेळ एकीकडे वाजवत एकीकडे सूर लावला, हे पहिल्या रांगेतल्यांना पण कळलं नसेल.

जवळजवळ सगळी तिकिटं संपली. बटरवर्थ नीट झाला. हायडनच्या क्वी टॉलिसमध्ये चेलोने बाजी मारली, फिक्सरला दुवा. आन्युस देईला टिंपनी सुरू झाली तेव्हा मी समोर बघत होतो, पहिल्या दोनचार रांगांत हालचाल थांबली, कोणीही मान वळवून शोधलं नाही. मग ट्रम्पेट, मग ते डोना नोबिस, जे हायडन मागतो कमी आणि बजावतो जास्त, आम्ही थोडे धावलोच, पण धावायलाच हवं असं ते आहे.

व्हॉन विल्यम्समध्ये एक टेनर चुकीच्या ठिकाणी एकटाच घुसला, नाव सांगत नाही, त्याच्या बायकोनेच मला आधी सांगितलं. दोन सैनिकांच्या दफनाचा चौथा भाग, बाप आणि मुलगा एकाच दुहेरी थडग्यात, वर चंद्र, हा भाग व्हॉन विल्यम्सने पहिल्या महायुद्धाच्या आधीच लिहून ठेवला होता आणि पंचवीस वर्षांनी इथे आणून बसवला. आज तो सगळ्यांत चांगला झाला, आणि रिहर्सलमध्ये आम्ही त्याला सगळ्यांत कमी वेळ दिला होता.

मध्यंतरात एक म्हातारे गृहस्थ फलकाजवळ प्रोग्रॅम उघडून उभे होते. त्यांच्या घरातलं कोणीतरी त्या दोन नावांपैकी. मराठा रेजिमेंटबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, मला विचारत होते ही माणसं नक्की कुठली. फोनवर नकाशा काढून सातारा, रत्नागिरी, बेळगाव दाखवलं. तेवढ्यात घंटा झाली आणि मला राइझरवर चढावं लागलं. नंतर शोधले, गेले होते.

१२ नोव्हेंबर

रिहर्सल नाही, आवराआवर. भाड्याचे पार्ट्स परत पाठवायच्या आधी पेन्सिलच्या खुणा खोडायच्या असतात, करारात तसं आहे, तेव्हा चार जण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रबर घेऊन बसलो. दुसऱ्या ट्रोम्बोनच्या पार्टवर मोठ्या अक्षरात "कॉयरकडे बघू नकोस" लिहिलेलं. हे आमच्या माणसाने लिहिलं की आधीच्या कोणी, कळायला मार्ग नाही. खोडलं.

हिशोब: तिकिटं आणि प्रोग्रॅमची विक्री धरून किंचित तोटा, आल्टो आणि टेनरच्या मानधनाएवढाच जवळपास, जे खजिनदारबाईंनी जुलैतच सांगितलं होतं आणि आज पुन्हा सांगितलं. हार्पचं भाडं अपेक्षेपेक्षा जास्त, कारण शनिवारी रात्री उशिरा नेण्याचे वेगळे पैसे लावले.

रेकॉर्डिंग ऐकलं. दुसऱ्या भागात शब्द कळत नाहीत. पुस्तक समोर धरलं तर कळतात.

स्कोअर शेजारच्या कॉयरला शनिवारपर्यंत पोचवायचे, तीन कॉपी अजून आल्या नाहीत, आल्टोंना मेल गेलाय. मार्चला बाखचं सेंट जॉन पॅशन, त्याला टिंपनी नाही, नकाशात चौकोन एक कमी.